निसर्गचित्रणाची वाट आणि आपला मुलूख

निसर्गचित्र हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, याचा श्रोत्यांनी क्षणभर विचार करावा. कोणास काश्मीरची सरोवरे दिसतील, कोणास कोकणातील माडांच्या राया, कोणास नाशिकचा गोदाघाट. मुखेड-कंधारकडील माळ मात्र कोणाच्याही डोळ्यांपुढे येणार नाही. ज्यांचा जन्म त्या माळावर गेला, त्यांच्याही नाही. आमच्या गावोगावच्या शाळांत मुलांना निसर्गाचे चित्र काढावयास सांगा. शंभरांतील नव्वद मुले दोन टोकदार डोंगर काढतील, त्यांच्या खोबणीतून वर येणारा सूर्य काढतील, डोंगरातून उतरणारी नदी, नदीकाठी कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. यांपैकी एकही वस्तू त्या मुलाच्या खिडकीबाहेर नसते. बालाघाटचे डोंगर माथ्यावर सपाट आहेत, नदी वर्षातील पुष्कळ महिने कोरडी असते, आणि नारळ देवापुढे फोडावयास बाजारातून आणावा लागतो. मूल पाहते एक आणि काढते दुसरेच. ही केवळ मुलाची चूक नाही. ज्या मुलुखाची चित्रे निघाली नाहीत, त्या मुलुखातील मुलाने दुसऱ्याचे चित्र उसने घ्यावे, हे ओघानेच आले. आपल्या मुलुखाचे चित्र का निघाले नाही, आणि न निघाल्याने आपले काय बिघडले, हे दोन प्रश्न आजच्या विवेचनाचे विषय आहेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. उघड्या रानात बसून, समोर पाहून, तेथल्या तेथे चित्र पुरे करण्याची पद्धत युरोपातही फार जुनी नाही. तेथील चित्रकार बाहेर जाऊन पेन्सिलीची टिपणे करीत, क्वचित रंगांतही लहानसा अभ्यास करीत. परंतु खरे चित्र घरी, कार्यशाळेच्या उत्तरेकडील उजेडात रंगवीत. याचे एक कारण अगदी साधे होते. तैलरंग बाहेर नेणे कठीण होते. खललेले रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत; ती टोचून रंग काढावा लागे, आणि पुन्हा नीट बंद होत नसे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी धातूची नळी काढली. आज दात घासण्याच्या लेपाची जी नळी आपण पाहतो, तिचीच ती पूर्वज. रंग नळीत बंद झाला आणि चित्रकाराच्या पायांतील बेडी सुटली. आगगाडी त्याच सुमारास पसरू लागली होती. पेटी खांद्यावर टाकून सकाळी शहरातून निघावे आणि दुपारी रानात बसावे, हे सामान्य चित्रकाराला आता शक्य झाले.

पॅरिसजवळ फाँतेनब्लो नावाचे जुने अरण्य आहे. त्याच्या कडेला बार्बिझाँ हे खेडे. तेथे थिओडोर रूसो आणि त्याचे सोबती येऊन राहू लागले. हा रूसो तत्त्वज्ञ रूसो नव्हे, हे सांगणे बरे. या मंडळींनी ओक वृक्षांची, दगडांची, डबक्यांची चित्रे वर्षानुवर्षे काढली. सरकारी वनखाते त्याच काळात जुने ओक तोडून तेथे लवकर वाढणारे पाईन लावीत होते. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. म्हातारे, पोकळ झाड लाकूड म्हणून काय कामाचे! चित्रकारांना मात्र तो एकेक वृक्ष ओळखीचा झाला होता. त्यांनी तक्रारी केल्या, १८५२ साली रूसोने सरकारपर्यंत अर्ज पोहोचविला, आणि अखेरीस १८६१ साली तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने १,०९७ हेक्टर रान कलेसाठी म्हणून राखून ठेवण्यात आले. निसर्ग राखण्यासाठी सरकारने रानाची हद्द आखल्याची आधुनिक काळातील जी अगदी पहिली उदाहरणे आहेत, त्यांत याची गणना होते. शास्त्रज्ञ, शिकारी किंवा वनाधिकारी यांच्या मागणीवरून ही हद्द आखली गेली नाही. रोज तेथे बसून झाडांकडे पाहणाऱ्या माणसांच्या हट्टाने ती आखली गेली.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १८७१ साली हेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली यलोस्टोन प्रदेशाच्या पाहणीसाठी सरकारी तुकडी गेली. तिच्याबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम जॅक्सन हा छायाचित्रकार होता. तेथील उकळत्या झऱ्यांच्या आणि पिवळ्या कड्यांच्या गोष्टी पूर्वीही कानांवर आल्या होत्या. पण लोक त्यांना थापा समजत. मोरानची जलरंगातील चित्रे आणि जॅक्सनची छायाचित्रे वॉशिंग्टनमध्ये कायदा करणाऱ्यांच्या समोर ठेवण्यात आली. छायाचित्रांनी वस्तू खरी आहे हे पटविले, आणि त्या काळी छायाचित्रात नसलेला रंग मोरानने पुरविला. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राखीव करण्याचा कायदा झाला. ज्यांनी मत दिले त्यांपैकी बहुतेकांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता. त्यांनी चित्र पाहिले होते.

या दोन उदाहरणांवरून चित्रकाराला थोर उद्धारक ठरविण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. मोरानच्या चित्रांतील यलोस्टोन जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. प्रत्यक्षात तेथे शोशोनी आदी आदिवासी जमातींचा राबता पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. प्रदेश राखीव झाल्यावर काही वर्षांतच तेथे राहणाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. चित्रात ज्याला जागा मिळाली नाही, त्याला पुढे जमिनीवरही मिळाली नाही. काय चितारले यास जितके महत्त्व, तितकेच काय वगळले यासही आहे. आपल्याकडील रानांचा विचार करतानाही हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे १७८६ साली हिंदुस्थानात आले आणि सात-आठ वर्षे देशभर हिंडून त्यांनी असंख्य रेखाटने केली. १७९३ साली ते मुंबईस आले. तेव्हा जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार तेथे होता. त्याच्या सोबतीने त्यांनी घारापुरीची व कान्हेरीची लेणी पाहिली. ही कान्हेरी आज मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, म्हणजे आज ज्या राखीव रानात चित्रकारांच्या टोळ्या फळ्या घेऊन बसतात, तेथे पहिल्या टोळीने फळी मांडली त्यास सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली. वेल्सने १७९५ साली साष्टीतील शिल्पांची रेखाटने करीत असतानाच देह ठेवला.

याच वेल्सच्या संबंधाने पुण्यातील एक मराठी नाव पुढे येते, ते गंगाराम चिंतामण तांबट यांचे. सवाई माधवरावांच्या अमदानीत इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकला शिकविण्याची व्यवस्था झाली होती, आणि गंगाराम हा तेथील सर्वांत हुशार हात. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे त्याने १७९० साली काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनेही केली. नाव ठाऊक असलेल्या मराठी चित्रकारांपैकी मराठवाड्यात बसून, समोरचे पाहून काढणारा बहुधा हाच पहिला. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनिएलने १८०३ साली विलायतेत जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्यामुळे आमचा एक डोंगर जगाने प्रथम चित्रांत पाहिला. परंतु डोंगर पाहिला तो लेण्यांपुरता.

अजिंठ्याचीही कथा तीच. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल याची तेथील चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने आयुष्याचा उत्तम भाग त्या दरीत काढला. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या स्फटिकप्रासादातील आगीत जळाल्या. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजी इत्यादी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामाहंगामाने अजिंठ्यास येत राहिले. त्यांच्याही पुष्कळ प्रती १८८५ साली लंडनलाच जळाल्या. एवढी चिकाटी, एवढे दुर्दैव! हे सारे काम थोर आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर एक मौजेची गोष्ट दिसते. तेरा वर्षे मुंबईचे तरुण चित्रकार मराठवाड्यात येऊन राहिले, आणि त्यांचे काम भिंतीकडे तोंड करून बसण्याचे होते. पाठीमागे वाघूर नदी नालाच्या आकाराचे वळण घेत होती, समोरच्या कड्यावर उन्हे चढत-उतरत होती. तिकडे पाहण्याचा पगार त्यांना नव्हता.

आणि ज्या भिंतीकडे ते पाहत होते, ती भिंत तरी कोणी रंगविली? ज्यांनी रंगविली ते आपल्या परिसराकडे पाठ फिरवून बसले नव्हते. त्या चित्रांतील झाडांची पाने, माकडे, हत्ती, हंस हे पाहिल्यावाचून काढता येणार नाहीत. त्यांचा तांबडा रंग म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवडी, पांढऱ्यासाठी चुन्यासारखी द्रव्ये, काळ्यासाठी काजळ, हिरव्यासाठी हिरवी माती. निळ्याकरिता वापरलेला लाजवर्द परदेशातून आलेला. बाकी बहुतेक रंग मातीतलेच. सांगावयाचे तात्पर्य इतकेच की या भूमीच्या रंगांनी चित्र होऊ शकते हे येथे दीड हजार वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे.

जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथील शिक्षणात प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, नक्षी व व्यक्तिचित्र यांना मान होता; तथापि १८८८ साली बाँबे आर्ट सोसायटी स्थापन होऊन वार्षिक प्रदर्शने भरू लागली आणि निसर्गचित्रांना गिऱ्हाईक व पारितोषिक दोन्ही मिळू लागले. जलरंगाची पेटी, पाण्याची बाटली आणि कागदाची फळी एवढ्या सामानावर भागत असल्याने मध्यम स्थितीतील मराठी तरुणांनी हा मार्ग धरला. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर हे त्यांतील अग्रणी. त्यांनी १९०८ साली मुंबईत आपली चित्रसंस्था काढली, आणि १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पारदर्शक जलरंगात उजेड हा कागदाच्या पांढऱ्यातून येतो. तो रंगाने नंतर आणता येत नाही. जो पांढरा प्रथम राखला तोच अखेर उरतो. हळदणकरांच्या पिढीने ही शिस्त आपल्या उन्हाच्या देशात रुजविली.

त्याच परंपरेत कोल्हापूरचे आबालाल रहिमान येतात. मुंबईस नाव मिळवून ते कोल्हापुरास परतले, शाहू छत्रपतींचा आश्रय त्यांस लाभला, आणि १९३१ साली अंत होईपर्यंत ते कोटितीर्थाच्या तळ्याकाठचा परिसर, रंकाळा, पंचगंगा हीच स्थळे पुन्हा पुन्हा रंगवीत राहिले. एकच तळे, पण सकाळचे निराळे, पावसाळ्यातले निराळे. त्यांच्यामागून कोल्हापुरात निसर्गचित्रकारांची मालिकाच उभी राहिली. चित्रपटातील नट म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले चंद्रकांत मांढरे हेही त्या मालिकेतले. एका माणसाने एका तळ्याकडे मनःपूर्वक पाहिले, की गावाला पाहण्याची सवय लागते, याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही.

कोणी म्हणेल, मुंबई जवळ होती म्हणून हे घडले. आपण पडलो निजामाच्या राज्यात. या म्हणण्यात तथ्य आहे. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठी मुलाला उर्दूतून शिकावे लागे. मुंबई इलाख्यातील कलाशाळा, तिच्या परीक्षा, तिची प्रदर्शने हे सारे सरहद्दीपलीकडे. संस्थानने १९१४ साली पुराणवस्तुखाते काढून अजिंठा-वेरूळची निगा उत्तम राखली, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याचे मोठे ग्रंथ निघाले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण पुन्हा तीच गोष्ट. लेणी राखली गेली; लेण्यांभोवतीच्या मुलुखाकडे कोणी चित्र म्हणून पाहिले नाही.

तथापि संस्थानी अंमल हे एकच कारण धरले तर इंदूरचा उलगडा होत नाही. इंदूरही संस्थानच. तेथे दत्तात्रय देवळालीकर या मराठी गुरूने १९२७ साली चित्रशाळा चालू केली आणि विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून उन्हात बसविण्याची रीत घातली. त्या शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे निघाले, नर्मदाकाठ रंगविणारे देवकृष्ण जोशी निघाले, आणि पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही आरंभीचे धडे तेथेच घेतले. माळव्याचे पठार काही काश्मीर नव्हे. काळी जमीन, विरळ झाडे, मातीची घरे. आपल्याच घरची भावंडे म्हणावीत अशी ती दृश्ये. एक शिक्षक मिळाला आणि ती दृश्ये चित्रास योग्य ठरली. आपल्याला असा शिक्षक वेळेवर मिळाला नाही, हेच खरे कारण आम्हांस वाटते.

शिक्षक नसला की माणूस सौंदर्याची तयार कल्पना उसनी घेतो. डॅनिएलच्या काळापासून ही कल्पना ठरलेली आहे: अलीकडे एक डेरेदार झाड, मध्ये पाणी, पलीकडे निळसर डोंगर. या मापाने मोजले तर मुखेडचा माळ नापास होणारच. पण माप बदलून पाहावे. नांदेड जिल्ह्याचा बराच भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसाने झालेल्या काळ्या कातळाचा आहे. थरावर थर बसल्याने त्याच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या आणि माथ्याशी सपाट. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, बिलोली-देगलूरच्या बाजूस व मुखेडच्या काही भागात, त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट खडक उघडा पडला आहे. त्याचे दगड गोलसर, एकमेकांवर रचल्यासारखे. काळा आणि भुरा, सपाट आणि गोल, अशा दोन भूप्रकृतींची गाठ आपल्या दाराशी पडते. चित्रकाराला आणखी काय हवे? बालाघाटच्या उतारावरील सीताफळीची झुडपे, फाल्गुनात निष्पर्ण फांदीवर पेटलेला पळस, वैशाखात नांगरून टाकलेल्या शेताचा जांभळट काळा, मृगाच्या पहिल्या सरीनंतर दोन दिवसांत बदललेला मातीचा रंग; कंधारचा जगत्तुंग सागर, मुखेडच्या दशरथेश्वर देवालयाची शिल्पे आणि त्यांवर सरकणारे ऊन. ही दृश्ये दरिद्री नाहीत. त्यांकडे पाहणे अवघड आहे, इतकेच.

अवघड म्हणतो ते शब्दशः. हिरवा रंग पुष्कळ चुका झाकतो. माळ काही झाकत नाही. तेथे चित्र उभे राहते ते केवळ मातीच्या पाच-सहा छटांतील बारीक फरकावर, आणि सावल्यांवर. दुपारी बारा वाजता आपल्याकडे सावलीच नसते. सर्व सपाट होते. म्हणून येथल्या चित्रकाराने सूर्योदयापासून दोन तास आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास एवढाच वेळ आपला समजावा. चैत्र-वैशाखात जलरंग कागदावर टेकताच सुकतो, मोठा सलग हात मारता येत नाही, कडा उमटतात. तर आषाढात तोच रंग तास तास सुकत नाही. विलायती पुस्तकांतील कृती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. ऋतुमानाप्रमाणे हात बदलावा लागतो, आणि तो बदलण्याची विद्या पुस्तकात नसून रानात बसण्यातच आहे.

चित्रात जे झाले नाही ते शब्दांत झाले, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली आला आणि मराठवाड्याचे कोरडवाहू रान मराठी कवितेत कायमचे वस्तीला आले. त्यापूर्वी १९५६ साली दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने महिन्यामहिन्याने निसर्ग न्याहाळण्याचा धडा घालून दिला होता. महानोरांनी दाखविले की या मुलुखाकडे पाहावयास दुसऱ्या मुलुखातून यावे लागत नाही. येथल्याच शेतकऱ्याच्या डोळ्यास ते दिसते. हीच गोष्ट कुंचल्याने का होऊ नये?

आज तशी संधी आहे. मराठवाड्यात राखीव रानेही आहेत. १९८६ साली कन्नड-चाळीसगावच्या हद्दीवरील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. पितळखोऱ्याची लेणी त्याच रानात आहेत. पैठणच्या नाथसागराच्या पाण्यावर जायकवाडीचे पक्षी अभयारण्य आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगेचे अभयारण्य, अलीकडे किनवटची सागवानी वने आणि सहस्रकुंडाचा धबधबा आहे. मुंबई-पुण्याकडे निसर्गचित्रणाच्या कार्यशाळा आता नित्याच्या झाल्या आहेत. मोठे चित्रकार विद्यार्थ्यांसमोर उघड्यावर बसून चित्र करून दाखवितात. ही रीत आपल्या शाळा-महाविद्यालयांनी येथील रानांत आणावी, ही आमची सूचना आहे.

पण कार्यशाळा म्हणजे सहल नव्हे. तिची शिस्त कशी असावी, याविषयी दोन शब्द. पहिल्या दिवशी रंगाची पेटी उघडूच नये. पेन्सिलीने उजेड, मध्यम आणि गडद एवढ्या तीनच छटांत समोरचे उतरवावे. दुसऱ्या दिवशी एकच जागा सकाळी, दुपारी आणि सायंकाळी काढावी, म्हणजे आबालालांना एका तळ्यात काय दिसले हे कळू लागेल. तिसऱ्या दिवशी रंग. प्रत्येक चित्रामागे स्थळ, तिथी व वेळ लिहावी. झाडाचे नाव गावकऱ्यास विचारून लिहावे. अभयारण्यात परवानगी घ्यावी, ठरविलेली वाट सोडू नये, सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. कुंचला ओढ्यात धुऊ नये. काही रंगांत विषारी धातू असतात आणि तेच पाणी खाली गुरे-पाखरे पितात. घाण पाणी बाटलीत भरून परत आणावे. आणि यलोस्टोनची चूक करू नये. बालाघाटच्या उतारावर बंजारा तांडे आहेत, माळावर धनगराची मेंढरे आहेत, राखीव रानाच्या कडेला चराईवरून होणारे वाद आहेत. चित्रातून ही माणसे पुसून टाकली, तर ते चित्र सुंदर होईल, पण आपल्या मुलुखाचे होणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, तो टाळता येण्याजोगा नाही. ज्या तालुक्यात एक वर्ष अवर्षण आणि दुसऱ्या वर्षी अतिवृष्टी, तेथील मुलाने रंगपेटी घेऊन माळावर बसावे, ही चैन नव्हे काय? आमचे उत्तर असे की, जेथे भूमी इतक्या वेगाने बदलते तेथेच पाहणाराची गरज अधिक. आपल्या मुखेड तालुक्यातील गोजेगाव येथे लेंडी नदीवर धरण आहे. पाणी हवे, शेतीला हवे, यात दुमत नाही. परंतु धरण म्हटले की बुडित गावे आलीच, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीच्या रात्री हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरून माणसे दगावली, हे दुःख अजून ताजे आहे. अशा गावांचे काय उरते? सातबाऱ्यावरील गट क्रमांक उरतात, मोजणीचे नकाशे उरतात, पंचनामे उरतात. पारासमोरचा लिंब सकाळी कोणत्या बाजूस सावली टाकीत होता, वेशीपासून वगळीपर्यंतची वाट कशी वळत होती, हे कोणत्याही कागदावर नसते. म्हातारी माणसे आहेत तोवर ते त्यांच्या स्मरणात असते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे आज भरमसाट निघतात. ती बहुधा माणसांची असतात, आणि क्षणात काढलेली असतात. दोन तास एका झाडापुढे बसलेल्या मुलाला ते झाड जन्मभर विसरता येत नाही, आणि ते तोडावयास निघालेल्या माणसाला तो निदान एक प्रश्न तरी विचारतो. फाँतेनब्लोच्या चित्रकारांनी याहून निराळे काय केले?

चित्राने पूर थांबत नाही, पाऊस पडत नाही, आणि धरणाचा हिशेबही चित्रकाराने करावयाचा नाही. चित्राने एवढेच होते की एखादी जागा कोणाची तरी ओळखीची होते. जी जागा ओळखीची नाही, तिच्याविषयी हिशेब करणे फार सोपे असते. पडीक, बरड, निरुपयोगी असा शेरा मारला की काम संपले. आपल्या मुलुखावर असे शेरे पुष्कळ मारले गेले आहेत, आणि ते मारणारे सर्वच बाहेरचे होते असे म्हणता येणार नाही. आपणही तोच शेरा मनात बाळगून मुलांच्या हाती दोन टोकदार डोंगरांचे चित्र देत आलो.

तेव्हा या वसंतात आरंभ लहानसाच करावा. तालुक्यातील प्रत्येक शाळेने आपल्या शिवारातील एक जागा निवडावी, मग ती टेकडी असो, तळे असो की नुसते गायरान असो. वर्षातून चार वेळा, चार ऋतूंत, मुलांना तेथे नेऊन ती काढवून घ्यावी, आणि ती चित्रे तारीख घालून जपून ठेवावीत. चित्रे चांगली निघतील की वाईट, याची चिंता पहिली दहा वर्षे करू नये. दहा वर्षांनी एखाद्या शाळेच्या कपाटात एकाच माळाची चारशे चित्रे जमतील. त्यांतील एक-दोन खरोखर चांगली असतील, आणि त्या गावातील चारशे मुलांना आपला डोंगर माथ्यावर सपाट आहे हे ठाऊक झालेले असेल.